वर्गातले नियम प्रत्येक मुलाला तंतोतंत सारखेच लागू असावेत का?

प्रश्न: खडूफळा

मी दहा ते बारा वर्षे वयाच्या मुलांची वर्गशिक्षिका आहे. आमच्या शाळेने या वर्षापासून सर्व वर्गांना एकच नियमावली लागू केली आहे. शिक्षक बोलत असताना प्रत्येकाने ताठ बसावे, हात बाकावर स्थिर ठेवावेत आणि नजर शिक्षकांकडे असावी. फळ्यावरचा मजकूर पुसला जाण्याआधी वहीत उतरवून घ्यावा. प्रकट वाचन बाकांच्या क्रमाने व्हावे आणि कोणीही आपली पाळी टाळू नये. गृहपाठ स्वतःच्या हस्ताक्षरात आणि शाईने लिहिलेला असावा. तासिका चालू असताना कोणीही जागेवरून उठू नये. नियम मोडणाऱ्याचे नाव फळ्याच्या कोपऱ्यात लिहिले जाते, त्यापुढे खुणा होत जातात आणि तीन खुणा झाल्या की त्याची मधली सुटी रद्द होते.

या नियमांमागचा हेतू मला समजतो आणि बराचसा मान्यही आहे. पूर्वी प्रत्येक शिक्षकाची तऱ्हा वेगळी होती आणि त्यातून गोंधळ होत असे. पण माझ्या वर्गात एका मुलीला वाचन-अक्षमता आहे, एका मुलाला एडीएचडी आहे (लक्ष टिकवणे आणि स्थिर बसणे त्याला अवघड जाते), एक मुलगा स्वमग्न आहे, आणि याखेरीज काही मुले अशी आहेत की ज्यांचे कसलेच निदान झालेले नाही, तरी त्यांना काहीतरी जड जाते हे रोज दिसते. फळ्याच्या कोपऱ्यातली नावे पाहिली की बहुतेक वेळा हीच मुले तिथे असतात. खुणा वाढल्यामुळे त्यांचे वागणे सुधारले असेही दिसत नाही.

सहकाऱ्यांचे म्हणणे असे की एकाला सवलत दिली की उद्या सगळा वर्ग ती मागेल, आणि पुढच्या आयुष्यात या मुलांना कोण सवलत देणार आहे? मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. यांतले कोणते नियम खरोखर शिकण्यासाठी आवश्यक आहेत हे कसे ठरवावे? सवलत दिल्यास इतर मुलांना ते कसे समजावावे? आणि अशा सवलतींमुळे मूल परावलंबी होते, या आक्षेपात कितपत तथ्य आहे?

प्रतिसाद: समावेशक

मी विशेष शिक्षिका म्हणून काम करते. आपल्या पहिल्या प्रश्नावर मी जास्त लिहिणार आहे, कारण तो नीट सुटला तर उरलेल्या दोहोंचा अर्धा भाग आपोआप सुटतो.

नियमावलीतील एकेक नियम घेऊन असे विचारून पाहावे की, हा नियम पाळण्यासाठी मुलाच्या अंगी कोणती क्षमता गृहीत धरली आहे, आणि आज जे शिकवायचे आहे त्याच्याशी त्या क्षमतेचा काही संबंध आहे का. फळ्यावरून उतरवून घेण्याचेच पाहा. मजकूर वाचायचा, नजर वहीवर येईपर्यंत तो मनात धरून ठेवायचा, लिहायचा आणि पुन्हा फळ्यावर नेमक्या त्याच जागी परतायचे, अशा सततच्या फेऱ्या त्यात असतात. सराईत वाचक एका फेरीत चारपाच शब्द सहज उचलतो. वाचन-अक्षमता असलेल्या मुलीला एकेक शब्द, कधी तर शब्दाचा तुकडा उचलावा लागतो, त्यामुळे तिच्या फेऱ्या कितीतरी अधिक होतात आणि प्रत्येक फेरीत जागा चुकण्याचा धोका असतो. तासिका संपते तेव्हा तिच्या वहीत अर्धाच मजकूर असतो, आणि तेवढ्या वेळात आपण केलेले स्पष्टीकरण तिच्यापर्यंत पोचलेलेच नसते, कारण तिचे सगळे लक्ष उतरवण्यात खर्ची पडलेले असते. इतिहासाच्या तासाला आपल्याला तिच्याकडून इतिहास हवा आहे की नकलनविशी? छापील टिपण आधी हाती दिले आणि महत्त्वाच्या ओळी खुणावायला सांगितल्या, तर पाठाचे काहीही बिघडत नाही. हस्ताक्षर आणि शाईच्या नियमालाही हाच निकष लावावा. डिस्ग्राफिया (लेखन-अक्षमता) असलेल्या किंवा हातांच्या हालचालींचा समन्वय साधणे अवघड जाणाऱ्या मुलाची बुद्धी अक्षरे वळवण्यातच अडकून पडते, आणि निबंध मात्र तीन ओळींचा होतो.

हात स्थिर ठेवण्याच्या नियमाबाबत एक संशोधन मुद्दाम सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्क रॅपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांना कार्यकारी स्मृतीची कामे दिली होती, म्हणजे माहिती काही क्षण मनात धरून तिच्यावर काही क्रिया करायची. एडीएचडी असलेली मुले जेव्हा अधिक हालचाल करत होती तेव्हा त्यांची कामगिरी अधिक चांगली होत होती. एडीएचडी नसलेल्या मुलांच्या बाबतीत मात्र अधिक हालचालीबरोबर कामगिरी खालावत होती. म्हणजे 'हलू नका' हा एकच नियम वर्गातल्या दोन मुलांवर एकमेकांच्या उलट परिणाम करू शकतो. यावरून सर्वांना हुंदडू द्यावे असे मी म्हणत नाही. पाय हलवणे, उभे राहून लिहिणे, हातात एखादी आवाज न करणारी वस्तू फिरवणे, एवढीच मुभा बहुधा पुरते.

'नजर शिक्षकांकडे' हा नियम तर लक्ष आणि लक्षाचा देखावा यांत गल्लत करतो. अवघड प्रश्नावर विचार करताना बहुतेक माणसे नजर दुसरीकडे वळवतात, कारण समोरच्याचा चेहरा वाचणे हेही मेंदूला एक कामच असते. ब्रिटनमधील ग्विनेथ डोहर्टी-स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की पाच वर्षांच्या मुलांना विचार करताना नजर बाजूला वळवायला शिकवल्यास अवघड प्रश्नांची त्यांची उत्तरे सुधारतात. अनेक स्वमग्न व्यक्ती सांगतात की डोळ्यांत पाहावे लागले की ऐकणे थांबते. उलट कमी ऐकू येणाऱ्या मुलाला बोलणाऱ्याचे ओठ दिसावे लागतात. मागच्या बाकावरचा कोणी उत्तर देत असेल तर त्याला वळून पाहावेच लागते, आणि तिथे 'समोर पाहा' या नियमाने त्याची खूण वाढते.

आणखी एक गोष्ट नियमावलीत लिहिलेली नसते, पण रोज घडते. "पुस्तके ठेवा, चौकटीची वही काढा, तारीख घाला, मागचे गणित पूर्ण करून मग पान उलटा," अशी सलग चार कामांची सूचना दिली जाते. कार्यकारी स्मृती कमी असलेले मूल दुसऱ्या कामापर्यंत पोचते आणि मग इकडेतिकडे पाहत बसते. मानसशास्त्रज्ञ सुसान गॅदरकोल आणि ट्रेसी अ‍ॅलोवे यांच्या कामातून पुढे आलेली लक्षणीय बाब अशी की शिक्षक अशा मुलाचे वर्णन 'स्मरणाची अडचण' असे क्वचितच करतात. 'लक्ष देत नाही', 'सांगितलेले ऐकत नाही' असेच करतात. मग जे मूल विसरले त्याच्यावर अवज्ञेचा शिक्का बसतो. सूचना फळ्यावर क्रमाने लिहून ठेवणे हा उपाय इतका किरकोळ आहे की तो 'सवलत' म्हणवतही नाही. प्रश्न विचारल्यावर थांबण्याचेही तसेच आहे. अमेरिकेतील शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात नोंदवले की शिक्षक प्रश्न विचारल्यानंतर सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत नेला की उत्तरे लांब आणि विचारपूर्वक होतात, आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात.

थोडक्यात, नियमाचा हेतू आणि नियमाचे रूप वेगळे काढावे. 'दुसऱ्याच्या शिकण्यात व्यत्यय आणू नये' हा हेतू आहे आणि त्यात कोणालाही, अगदी कोणतेही निदान असलेल्या मुलालाही, सूट नसावी. 'हात बाकावर' हे त्या हेतूचे अनेकांतले एक रूप आहे. आपल्या यादीत रूपेच हेतू होऊन बसली आहेत.

मधली सुटी रद्द करण्याबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे: ती शिक्षा आजच थांबवावी. ज्या मुलाला हालचालीची सर्वाधिक गरज आहे, त्याचीच हालचालीची वेळ काढून घेतली तर पुढच्या तासिकेत काय होणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

प्रतिसाद: जुना मास्तर

वरचा प्रतिसाद वाचला आणि त्यातले बरेचसे पटले. तरीही काही गोष्टी दुसऱ्या बाजूने मांडणे मला आवश्यक वाटते, कारण लवचिकतेच्या नावाखाली शाळांमध्ये जे घडते ते अनेकदा लवचिकता नसून ढिलाई असते.

ताठर नियमांचा सर्वाधिक त्रास ज्या मुलांना होतो, नियमच नसण्याचा त्रासही त्यांनाच सर्वाधिक होतो. स्वमग्न मुलाला पुढे काय होणार हे ठाऊक असणे ही मोठी गरज असते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनात मानसशास्त्रज्ञ एरिक शॉप्लर यांच्या पुढाकाराने १९७२ मध्ये राज्यभर सुरू झालेल्या, स्वमग्न मुलांसाठीच्या 'टीच' कार्यक्रमाचा सगळा भर कामाची जागा, क्रम आणि वेळ डोळ्यांना दिसेल अशी आखून देण्यावर आहे. चित्रांचे वेळापत्रक, काम कुठे सुरू होते आणि कुठे संपते याची खूण, पुढे काय आहे याची आगाऊ कल्पना, हे सगळे त्यात येते. एडीएचडी असलेल्या मुलालाही परिणाम ताबडतोब आणि दर वेळी सारखाच मिळणे उपयोगी पडते. जो शिक्षक सोमवारी हसून सोडतो आणि मंगळवारी त्याच गोष्टीवर भडकतो, त्याच्या वर्गात या मुलांची जितकी ससेहोलपट होते तितकी एखाद्या कडक पण एकसुरी शिक्षकाच्या वर्गातही होत नाही. तेव्हा खडूफळा यांच्या शाळेने एकवाक्यता आणली हे चुकीचे झाले नाही. त्यांनी एकवाक्यता नको त्या बाबतीत आणली, एवढाच दोष.

दुसरे असे की सवलत शिक्षकाच्या मर्जीवर ठेवली तर ती कोणाला मिळते? ज्यांचे पालक शाळेत येऊन ठामपणे बोलू शकतात, ज्यांच्या हाती तपासणीचा अहवाल आहे, त्यांना. ज्यांच्या पालकांना वेळ नाही, पैसा नाही किंवा शाळेच्या दारात उभे राहायचे धैर्य नाही, त्यांचे मूल 'आगाऊ' किंवा 'आळशी' ठरते. म्हणून मी तोंडी, आपापसातल्या सवलतींच्या विरुद्ध आहे. जे द्यायचे ते लिहून, कारणासह द्यावे, आणि शक्य असेल तिथे सर्वांनाच खुले ठेवावे. उभे राहून लिहिण्यासाठी वर्गाच्या मागे एक उंच टेबल ठेवले आणि 'दुसऱ्याच्या फळ्याआड येऊ नये, बोलू नये' एवढ्या अटींवर ते कोणालाही वापरता येईल असे जाहीर केले, तर निदानाचा कागद मागायची वेळच येत नाही. पहिले काही दिवस त्यावर झुंबड उडेल. नंतर ज्यांना गरज आहे तेच उरतील. बाकीच्यांना बसणेच सोयीचे वाटते.

पाणी पिणे आणि स्वच्छतागृहात जाणे या दोन बाबींवर तर कोणत्याही शाळेने नियमांची कसरत करू नये. मधुमेह असलेल्या मुलाला दोन्ही केव्हाही लागू शकते, आणि ते कारण त्याला दर वेळी वर्गासमोर सांगावे लागू नये.

प्रतिसाद: अडखळ

मी शिक्षक नाही. मी अडखळत बोलतो, लहानपणापासून. बोलताना अडखळण्याचा काळ सुमारे पाच टक्के मुलांच्या वाट्याला कधी ना कधी येतो, त्यातल्या बहुतेकांचे ते आपोआप जाते आणि मोठेपणी साधारण एक टक्का लोक उरतात. मी त्या उरलेल्यांपैकी आहे. खडूफळा यांच्या यादीतल्या 'बाकांच्या क्रमाने प्रकट वाचन' या नियमाबद्दल आतल्या बाजूने लिहितो.

क्रम ठरलेला असला की आपला परिच्छेद कोणता हे आधी मोजता येते. तो मोजला की त्यातले अवघड शब्द शोधायचे, ते मनात घोळवायचे, पुढचा कोणी गैरहजर असेल तर परिच्छेद बदलतो म्हणून पुन्हा मोजायचे. या सगळ्यात इतरांनी काय वाचले ते मी कधीच ऐकलेले नसे, आणि माझे वाचून झाल्यावर पुढचा बराच वेळ कान तापलेले असत. धड्यातले काही शिकायचे राहूनच जाई. हजेरीचेही तसेच. एरवी मी अडणारा शब्द टाळून दुसरा वापरू शकतो, आमच्यापैकी बहुतेकजण त्यात तरबेज असतात. पण 'हजर' हाच शब्द म्हटला पाहिजे असा नियम असला की पळवाट उरत नाही. हात वर करून हजेरी घेतल्याने कोणत्याही शाळेचे काही अडत नसावे.

मात्र मला पूर्ण सूट देण्यात आली तेव्हाही ते बरे झाले नाही. एका शिक्षकांनी सर्वांसमोर जाहीर केले की याला वाचायला सांगू नका. हेतू चांगलाच होता, पण त्या दिवसापासून मी वर्गात 'न वाचणारा' झालो आणि पुढे वाचायची इच्छा असतानाही हात वर करणे अशक्य होऊन बसले. जे उपयोगी पडले ते वेगळेच होते. दुसऱ्या एका शिक्षकांनी सगळ्या वर्गाला जोडीने, एका सुरात वाचायला लावले. अडखळणाऱ्या माणसाला इतरांच्या आवाजात आवाज मिसळून वाचताना अडथळा फारच कमी येतो, ही वाणी-उपचारकांना चांगली माहीत असलेली गोष्ट आहे. त्या शिक्षकांना ती माहीत होती की नाही कोण जाणे. पण त्यांनी नियम सगळ्यांसाठीच बदलला, त्यामुळे मी वेगळा दिसलो नाही आणि वाचनही सुटले नाही.

तेव्हा सवलत द्यायची तर आधी मुलाशी एकट्याने बोलून ठरवा. त्याला काय नको आहे एवढेच विचारू नका, त्याला काय करून पाहायचे आहे तेही विचारा.

प्रतिसाद: दोघांची आई

माझा मुलगा स्वमग्न आहे आणि शाळेच्या अहवालात 'वर्तन उत्तम' असाच शेरा असतो. तो शाळेत एकही नियम मोडत नाही. घरी आल्यावर मात्र दप्तर टाकतो आणि तासभर पलंगाखाली जाऊन पडतो. कधी मोठमोठ्याने रडतो, कधी धाकटीच्या अंगावर धावून जातो. 'शाळेत तर तो शहाण्यासारखा वागतो, मग घरीच काहीतरी बिघडत असावे', असे मला सूचित केले गेले आहे. दिवसभर आवाज, गर्दी, स्थिर हात आणि समोरची नजर हे सगळे सांभाळण्यात त्याची शक्ती संपलेली असते, हे पटवून द्यायला फार काळ गेला. मुलींच्या बाबतीत हे झाकणे अधिक सफाईने होते असे अनेक तज्ज्ञ सांगतात आणि त्यामुळे त्यांचे निदानही उशिरा होते. खडूफळा, फळ्याच्या कोपऱ्यात ज्यांची नावे येतात त्यांच्याबद्दल आपण विचारले आहे. ज्यांची कधीच येत नाहीत त्यांच्यातही पाहा, एवढेच सुचवते.

खडूफळा

सर्वांचे आभार. 'अडखळ' आणि 'दोघांची आई' यांनी लिहिलेले मी मुख्याध्यापकांना जसेच्या तसे वाचून दाखवणार आहे. मधल्या सुटीची शिक्षा आणि फळ्यावरची नावे बंद करण्याचा प्रस्ताव मी पुढच्या बैठकीत मांडेन.

एक गोष्ट अजून सुटत नाही. परीक्षेत वाढीव वेळ देण्यावर आमच्याकडे खूप वाद आहे. मी मुलांना चष्म्याचे उदाहरण देणार होते, म्हणजे ज्याला कमी दिसते तो चष्मा लावतो आणि इतर कोणी तक्रार करत नाही. त्यावर एका सहकाऱ्याने सांगितले की दुसऱ्याचा चष्मा लावून कोणाला जास्त दिसत नाही, पण वाढीव वेळ मिळाला तर कोणाचेही गुण वाढतील. मला उत्तर सुचले नाही.

प्रतिसाद: समावेशक

आपल्या सहकाऱ्यांचा आक्षेप योग्य आहे आणि चष्म्याचे उदाहरण इथे लंगडे पडते हे मान्य करावे. या प्रश्नावर बराच अभ्यास झालेला आहे. स्टीफन सिरेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. वाढीव वेळेचा फायदा अक्षमता नसलेल्या विद्यार्थ्यांनाही होतो, पण अक्षमता असलेल्यांना तो तुलनेने अधिक होतो, असे त्यात दिसले. यावरून दोन निष्कर्ष निघतात, आणि पहिला बहुधा विसरला जातो. वेळ वाढवल्यावर सर्वांचेच गुण वाढत असतील तर प्रश्नपत्रिका वेळेच्या मानाने लांब आहे. ती ज्ञान मोजता मोजता वेगही मोजत आहे. वेग हा त्या विषयाचा भाग नसेल तर प्रश्न कमी करावेत किंवा सर्वांनाच पुरेसा वेळ द्यावा, म्हणजे वादाचे मूळच जाईल. तसे करूनही ज्यांना वाचायलाच दुप्पट वेळ लागतो त्यांच्यासाठी वाढीव वेळ उरतोच, आणि मग तो इतरांना फारसा हेवा वाटावा असा राहत नाही.

दुसरा निष्कर्ष सवलतीच्या मर्यादेबद्दल आहे. जे मोजायचे आहे त्यातच सवलत देता येत नाही. शुद्धलेखनाच्या चाचणीत शुद्धलेखनाचे गुण सोडून देणे निरर्थक आहे. विज्ञानाच्या उत्तरात ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापणेही तितकेच निरर्थक आहे. आकलनाची परीक्षा असेल तर उतारा वाचून दाखवता येतो, वाचनकौशल्याचीच परीक्षा असेल तर येत नाही. प्रत्येक चाचणीच्या आधी 'मी नेमके काय मोजत आहे' हे एका वाक्यात लिहिण्याची सवय शिक्षकांना लागली तर निम्मे वाद बैठकीपर्यंत येणार नाहीत.

इतर मुलांना काय सांगावे, हा आपला दुसरा प्रश्न राहिला होता. कोणाचे निदान सांगू नये, हे तर उघडच आहे. मुलांना न्यायाची जाण चांगली असते आणि त्यांना खटकतो तो बहुधा फरक नसून लपवाछपवी असते. 'या वर्गात कोणालाही शिकायला अडचण येत असेल तर त्याने माझ्याकडे यावे, आपण काहीतरी करून पाहू; आणि दुसऱ्याचे काय ठरले ते त्याच्याकडे आणि माझ्याकडे राहील,' असे वर्षाच्या आरंभीच सांगावे आणि कोणी आले तर खरेच काहीतरी करून पाहावे. हे दार सर्वांना उघडे आहे याची खात्री पटली की 'मलाही हवे' हा सूर ओसरतो.

परावलंबनाच्या आक्षेपात थोडे तथ्य आहे. लिहिण्यासाठी लेखनिक दिला आणि मुलाला टंकलेखन शिकवलेच नाही, तर ते मूल लेखनिकावर अवलंबून राहील. सवलतीबरोबर कौशल्य शिकवणेही आलेच. पण 'पुढे कोण देणार' हा प्रश्न मात्र बदललेल्या जगाकडे पाहत नाही. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराच्या दुसऱ्या कलमात वाजवी सोय नाकारणे हा भेदभावाचाच प्रकार मानला आहे, चोविसावे कलम ती सोय शिक्षणात आणि सत्ताविसावे कलम कामाच्या ठिकाणी द्यायला सांगते. मोठेपणी स्वतःसाठी काय मागावे हे ज्याला शाळेत शिकता आले, तो परावलंबी असतो असे मला वाटत नाही.

जुना मास्तर सर, आपण सुचवलेल्या 'सर्वांना खुले' या मार्गाला अध्ययनाचे सार्वत्रिक आरेखन असे नाव आहे. अमेरिकेत १९८४ मध्ये स्थापन झालेल्या 'कास्ट' या संस्थेने ते मांडले. माहिती एकाहून अधिक रूपांत द्यावी, उत्तर एकाहून अधिक रीतींनी देता यावे आणि गुंतून राहण्याचेही एकाहून अधिक मार्ग असावेत, असा त्याचा गाभा आहे. उंच टेबलापाशी आपण तिथेच पोचलात.

प्रतिसाद: जुना मास्तर

नाव आहे हे ठाऊक नव्हते. टेबल मात्र वापरून पाहिलेले आहे.

खडूफळा यांच्या बैठकीसाठी दोन व्यावहारिक सूचना. आपण वर्गात सगळे नीट बसवले तरी आपण रजेवर असताना येणाऱ्या बदली शिक्षकाला त्यातले काहीच माहीत नसते, आणि खुणांचा खेळ तिथे पुन्हा सुरू होतो. म्हणून हजेरीपटाच्या आत एक कागद ठेवावा. त्यावर निदाने अजिबात लिहू नयेत. फक्त 'अमुक विद्यार्थी मागे उभा राहून लिहितो', 'अमुक विद्यार्थिनीला छापील टिपण द्यावे', 'अमुक विद्यार्थ्याला प्रकट वाचन जोडीने द्यावे' अशा सरळ ओळी असाव्यात. मुलाला आणि पालकांना तो मजकूर आधी दाखवावा.

दुसरे, प्रत्येक सवलतीसमोर पुनर्विचाराची तारीख घालावी, साधारण एका सत्रानंतरची. त्या दिवशी मुलाला विचारावे की हे चालू ठेवायचे, बदलायचे की थांबवायचे. काही मुले स्वतःहून 'आता नको' म्हणतात. काहींच्या बाबतीत आपण दिलेली सोय कधी वापरलीच गेली नाही असे लक्षात येते, आणि मग ती का वापरली गेली नाही हे शोधावे लागते. बैठकीत विरोध झालाच तर सगळी नियमावली बदलण्याचा आग्रह धरू नका. फळ्यावरची नावे, मधली सुटी आणि उतरवून घेण्याची सक्ती एवढ्या तीनच गोष्टी एका सत्रापुरत्या थांबवायची परवानगी मागा, आणि त्या काळात वर्गाचे काय होते याची नोंद ठेवा.